पाहुणे, वारा आणि पद्मदुर्ग

समुद्राविषयी लिहिण्याचा अधिकार इंदूरच्या माणसाला नाही, हे मला मान्य आहे. आमचे गाव माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले. मुंबईचा समुद्र पाहायचा तर अवंतिका एक्सप्रेसमध्ये एक रात्र काढावी लागते. स्नेहलतागंजातल्या ज्या ओट्यावर आमची संध्याकाळची बैठक भरते, तेथील बहुतेकांनी नाव पाहिली ती ओंकारेश्वरी नर्मदा ओलांडताना. आणि बेट पाहिले तेही तेच, मांधात्याचे. शिडाच्या होडीत तर आमच्यापैकी कोणीच पाय ठेवलेला नव्हता.

तरीही या ओट्यावर कोकणचा विषय निघाला नाही अशी संध्याकाळ क्वचितच जाते. अठराव्या शतकात पेशव्यांच्या आणि होळकरांच्या फौजांबरोबर जी कुटुंबे नर्मदा ओलांडून इकडे आली, त्यांतील कित्येकांच्या आडनावात कोकणातले एखादे गाव अजून बसून आहे. त्या गावाला आडनावाचा धनी कधी गेलेला नसतो, वाट कोणती तेही त्याला ठाऊक नसते. परंतु गावाचा अभिमान मात्र शाबूत असतो. आमचे शेजारी नाना हे या बाबतीत सर्वांचे अग्रणी. आपले मूळपुरुष शिवकाळात कासा किल्ल्यावर, म्हणजे पद्मदुर्गावर, दप्तर लिहीत असत, असे ते ठामपणे सांगत. मी मराठीचा विद्यार्थी. शंका घेण्याची खोड लागलेली. एकदा मी त्यांना कागद मागितला. कागद नव्हता. “माझे आजोबा सांगत असत, हा काय पुरावा नव्हे?” असे म्हणून त्यांनी मला आठ दिवस अबोल्याची शिक्षा दिली होती.

आमच्याच गल्लीतले आबा निवृत्तीनंतर इंदूरचे बिऱ्हाड मोडून सासुरवाडीच्या वाडीत मुरूडला राहावयास गेले. माणूस गोतावळ्याचा; तिकडे एकटे पडल्यामुळे दर हिवाळ्यात इंदूरकरांना पत्रावर पत्र. राजपुरीच्या एका कोळी तांडेलाशी त्यांचे मैत्र जमले होते. या तांडेलाजवळ शिडाची होडी होती आणि आबांचे पाहुणे ती खाडीत, जंजिऱ्याभोवती, हवामान साधले तर पद्मदुर्गापर्यंत फिरून येत. डिसेंबर २०१८ मध्ये मला चार दिवसांची सवड मिळाली तेव्हा मी, माझी पत्नी, आमचे होमिओपॅथ डॉक्टर आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे नाना असे चौघे निघालो. नानांनी निघताना एकच अट घातली होती. जंजिरा पाहू किंवा न पाहू, पद्मदुर्गावर पाय ठेवल्याशिवाय परतायचे नाही.

परतीची तिकिटे मात्र मी आधीच काढून ठेवली होती. अठ्ठावीस तारखेला कार्यालयात बैठक होती आणि तिला हजर राहणे मला भाग होते.

मुंबईत गेटवेहून लाँचने मांडव्याला, तेथून अलिबाग, रेवदंडा, काशीद, नांदगाव असा किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता. काशीदच्या सुरूच्या बनाआडून समुद्र दिसू लागला, तसे नाना खिडकीशी सरकून बसले ते मुरूड येईपर्यंत बोलले नाहीत. गावात शिरण्यापूर्वी चढावावर आबांनी गाडी थांबवण्यास सांगितले होते. खाली मुरूडची अर्धचंद्राकृती पुळण आणि तिच्यापुढे समुद्रात काळसर कोट. नानांनी विचारले, “हाच?” गाडीवाल्याने मान हलवली. नानांनी पायांतली वहाण काढून नमस्कार केला. त्या क्षणी कागदाची आठवण मला झाली नाही, हे कबूल करतो.

आबांच्या घरी पोहोचताच पहिला कार्यक्रम म्हणजे पाहुण्यांना द्यावयाचा उपदेश. सात वर्षांच्या अनुभवातून तो सिद्ध झालेला होता. चामडी वहाणा घरी ठेवाव्या, रबरी घालाव्या. सामान होडीत न्यायचे ते एकाच पिशवीत. सकाळी पोट भरून खाऊ नये आणि अगदी उपाशीही निघू नये. आल्याचा तुकडा दाढेखाली असावा. मळमळू लागले तर डोळे मिटून खाली वाकू नये, दूरच्या क्षितिजाकडे पाहावे. मोबाईलमध्ये मान घालणारा सर्वांत आधी आडवा होतो. शिडाच्या आड येईल असे उभे राहू नये. आणि तांडेल ‘बसा’ म्हणाला की का म्हणून न विचारता बसावे. ही शेवटची सूचना आबांनी माझ्याकडे पाहून दोनदा सांगितली. तीस वर्षे मुलांना ‘बसा’ म्हणत आलेल्या माणसाला तिची आवश्यकता का भासावी, हे तेव्हा मला कळले नाही.

रात्री अंगणात तांडेल आला. पन्नाशीचा, शिडशिडीत, बोलणे तोलून मापून. आबांनी पंचांग काढले. भरतीची वेळ काढण्याची कोकणातली रीत मला तेव्हा प्रथम समजली. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा तासांच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वांत चढते ते उधाण, अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी होतो तो भांग. शाळेत पाऊणकीचा पाढा घोकला तो कोणत्या उपयोगाचा, असा प्रश्न लहानपणी पडत असे. त्याचे उत्तर असे चंद्राच्या उजेडात मुरूडच्या अंगणात मिळाले.

वाऱ्याचेही तसेच. पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो तो मतलई. दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे येतो तो खारा वारा. आमच्या हिंदी पाठ्यपुस्तकातले ‘स्थल समीर’ आणि ‘समुद्र समीर’ ते हेच. फळ्यावर बाण काढून ते मी कितीदा शिकवले असतील! परंतु या दोन बाणांच्या आधारावर माणसे शतकानुशतके संसार करीत आली आहेत, सकाळच्या बाणावर बसून बाहेर जायचे आणि दुपारच्या बाणावर बसून घरी यायचे, हा त्यांचा सरळ अर्थ मला कधी सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जंजिरा. राजपुरीच्या धक्क्यावर नाताळच्या सुटीची झुंबड होती. माणसांनी भरलेल्या होड्या एकीमागून एक सुटत होत्या. आमची होडी थोडी बाजूला उभी होती. तिची डोलकाठी सरळ उभी नसते, पुढे झुकलेली असते. तिच्या टोकाशी एक लांबच लांब तिरपा वासा, त्याला परवाण म्हणतात. त्रिकोणी शीड त्याला बांधलेले असते. दोघा खलाशांनी दोर ओढला, परवाण वर चढले आणि इतका वेळ निर्जीव लोंबत असलेल्या त्या कापडात एकाएकी पोट आले. होडी जराशी कलली. डॉक्टरांनी माझा हात धरला. आणि मग जो प्रकार झाला त्याची कल्पना मला नव्हती: आवाज थांबला. यंत्राची घरघर नाही, वल्ह्यांची चुबुकचुबुक नाही, केवळ नाळेखाली पाणी फाटत असल्याची कुजबूज. मोटारीत, आगगाडीत आपण कशाने तरी ओढले जातो. येथे आपण वाऱ्याच्या हाती दिले गेलो आहोत असे वाटते.

दिशा बदलायची तेव्हा मात्र ही शांतता पार मोडते. ते अवजड परवाण डोलकाठीच्या एका अंगाने दुसऱ्या अंगाला न्यावे लागते. खलाशी ओरडतात, शीड फडफडते, पाहुण्यांनी डोकी खाली घालायची असतात. माझी टोपी त्यात गेली. ती पाण्यावर तरंगत जंजिऱ्याकडे निघाली तेव्हा नाना म्हणाले, “मास्तर, तुमची टोपी सिद्दीला शरण गेली!”

जंजिऱ्याचे वर्णन अनेकांनी केले आहे. मी थोडक्यात आटोपतो. जझीरा म्हणजे अरबीत बेट, त्यावरून हे नाव. आधी तेथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, पुढे निजामशाहीच्या काळात तो त्यांच्या हातून गेला आणि सिद्दींनी तेथे हा पाषाणाचा कोट उभा केला. अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. आत गोड्या पाण्याची तळी, चोहोंकडे खारे पाणी असताना. कलालबांगडी तोफ पाहून मुले अचंबित होतात, मोठी माणसे तिच्यावर बसून छायाचित्रे काढतात. शिवाजी महाराजांना हा किल्ला घेता आला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ साली किनाऱ्यापासून दगडांचा सेतू टाकून तेथवर पोहोचण्याचा प्रयत्न केला, तोही अपुरा राहिला. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले, तेव्हाच हा अध्याय संपला.

मला सांगायचे आहे ते उतरण्याविषयी. दरवाजाशी होडी लागते म्हणजे नुसती टेकते. लाट वर आली की पायरी गुडघ्याएवढी, लाट खाली गेली की छातीएवढी. खलाशी दंड धरतो आणि ‘आता’ म्हणतो. त्या क्षणी पाय टाकायचा. माझी पत्नी टाकून मोकळी झाली. डॉक्टर दुसऱ्या खेपेला गेले. नानांनी ‘आता’च्या आधी क्षणभर पाय उचलला, पायरीवरच्या शेवाळावरून तो सरकला, उजवा गुडघा दगडावर आपटला आणि तांडेलाने मागून कमरेला मिठी घातली म्हणून ते पाण्यात गेले नाहीत. नाना हसत उठले, धोतर झटकले, “काही नाही, काही नाही” म्हणाले आणि सबंध किल्ला फिरले. मी ते पाहिले आणि विसरलो.

पंचवीस तारखेला अंगारकी चतुर्थी होती. आबांकडे सर्वांना उपवास. पहाटे मतलईवर निघायचे, पद्मदुर्गावर उतरायचे, दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने परत यायचे, रात्री चंद्रोदयानंतर जेवण, असा बेत ठरला होता. नाना चार वाजताच आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसले होते. पिशवीत नारळ, उदबत्ती आणि आजोबांचे छायाचित्र.

आम्ही किनाऱ्यावर गेलो तेव्हा पान हलत नव्हते. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत. मला वाटले, यापेक्षा चांगला दिवस कोणता? पण तांडेल होडीजवळ उकिडवा बसून दूर पाहत होता. म्हणाला, “आज नाय जमायचं.”

कारण विचारता त्याने पद्मदुर्गाकडे बोट दाखवले. त्या गुळगुळीत पाण्यावरून लांब, रुंद, सावकाश अशा लाटा येत होत्या. कोटाच्या पायथ्याशी पोहोचताच उभ्या राहून पांढऱ्या होत होत्या. वारा नसताना लाट कशी, हे मला उमजेना. आबांनी सांगितले, कोठेतरी दूर समुद्रात वारा झालेला असतो, त्याची लाट शेकडो मैल चालून येथे येते. शिवाय मतलई पडला आहे. दुपारी खारा वारा सुटेल तो वायव्येकडून, म्हणजे तोंडावर. आणि तीन नंतर ओहोटी लागली की खाडीचे पाणी त्या वाऱ्याच्या उलट बाहेर पडेल, मग मध्ये लाट उभी राहील. प्रत्येक गोष्ट पटण्यासारखी होती. मला ती पटली नाही.

याचे कारण लाजिरवाणे आहे. आम्ही तेथे उभे असताना पुण्याकडच्या तरुणांचा एक घोळका यंत्राच्या होडीतून पद्मदुर्गाकडे गेला. आम्ही पाहत असताना ते कोटाशी पोहोचले, उतरलेही. नानांचा चेहरा मला पाहवेना. मी तांडेलाला बोललो. जे आवाज मी शाळेच्या व्हरांड्यात काढतो तो आवाज काढला. “ते गेले, मग तुम्हांला काय झाले? भ्यायचे असेल तर पाहुणे आणवता कशाला? ही वृद्ध व्यक्ती हजार किलोमीटरवरून येथे आली आहे, परवा आमची गाडी आहे, याची काही जाणीव?” आबा माझा सदरा ओढीत होते. तांडेलाने सर्व ऐकून घेतले. मग एवढेच म्हणाला, “वारा नाय, मास्तर. वारा नाय तर शीड काय करील?” आणि तो दोर गुंडाळू लागला.

दुपारी ते तरुण परत आले, कमरेपर्यंत भिजलेले, आनंदात. त्यांना काहीही झाले नव्हते. तांडेलाचे म्हणणे खरे ठरावे असे काहीच त्या दिवशी घडले नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

दुसरा दिवस वाट पाहण्यात गेला. लाट तशीच होती. वाट पाहणाऱ्या पाहुण्यांना घेऊन काय करावे, हा यजमानाच्या कसोटीचा प्रसंग. आबांनी पोपटीपासून पत्त्यांपर्यंत सर्व उपाय केले. बोलता बोलता लाय पाटलांची गोष्ट निघाली. १६७६ साली मोरोपंतांच्या मोहिमेत या कोळी वीराने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. वर चढून जाणारी माणसे वेळेवर पोहोचली नाहीत. उजाडू लागले तेव्हा शिड्या काढून परतावे लागले. महाराजांनी पालखीचा मान दिला, तो पाटलांनी नम्रपणे नाकारला, कारण ज्याचे आयुष्य पाण्यावर त्याला पालखी काय कामाची. तेव्हा महाराजांनी गलबत बांधून दिले आणि त्याचे नाव ‘पालखी’ ठेवविले, असे सांगतात. मला रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आठवले. एम.ए.ला ते आम्ही भाषेच्या अंगाने वाचले होते. त्यात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे: पावसाळ्यापूर्वी तरांडी बंदरात कशी घालावी, छावणी कोठे करावी, वारा अनुकूल नसेल तर झुंजीचा हट्ट न धरता किल्ल्याच्या आश्रयास कसे यावे. ज्या राज्याने डोंगरात कोणाला हार दिली नाही त्या राज्याचा अमात्य समुद्राच्या बाबतीत इतक्या सावधपणे लिहितो. पण आदल्या दिवशीच्या वर्तनानंतर हे मोठ्याने सांगण्याची माझी छाती झाली नाही.

आबा म्हणाले, “एकट्याने जाणारा सुखी. आमच्या दोंद्यांना बघा.” नौदलातील दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरे घेऊन, पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये मुंबईस परत आले. शिडाच्या नौकेतून एकट्याने जगाला फेरी घालणारे ते पहिले भारतीय. डॉक्टरांनी विचारले, “त्यांना वाट पाहावी लागली नसेल?” आबा म्हणाले, “लागली की. दक्षिणेकडे उन्हाळा असताना केप हॉर्न ओलांडायचे तर मुंबईहून पावसाळ्यातच निघावे लागते. पण त्यांच्या होडीत परवाच्या गाडीचे तिकीट घेऊन बसलेला कोणी नव्हता.” मग माझ्याकडे न पाहता त्यांनी पुस्ती जोडली, “मी आता पाहुण्यांना आधीच विचारणार आहे. किल्ला सांगा नाहीतर तारीख सांगा. दोन्ही सांगू नका.”

रात्री नानांनी जाहीर केले की ते परत येत नाहीत. आबांकडे राहतील, समुद्र देईल त्या दिवशी जातील. मी पुष्कळ समजावले. औषधे चारच दिवसांची आणली आहेत, सुनेला काय सांगू, एकट्याने परतीचा प्रवास कसा कराल. नाना म्हणाले, “मास्तर, तुम्हांला बैठक आहे. मला कसली बैठक आहे?” सत्तावीसच्या पहाटे आम्ही तिघे निघालो. नानांचे तिकीट माझ्या खिशात राहिले.

गाडीने बोरिवली सोडल्यावर मी पुन्हा तांडेलाचा विषय काढला. वारा नव्हता हे ठीक. पण थोडी वल्ही मारली असती तर? पत्नीने हातातले विणकाम मांडीवर ठेवले. “अहो, तुमच्या खरंच लक्षात आलं नाही? जंजिऱ्याला नानांचा गुडघा किती सुजला होता. रात्री मीच हळद लावून दिली. जंजिऱ्याला निदान पायऱ्या आहेत. पद्मदुर्गाला धक्का नाही; लाटेत उडी मारायची, खडकावर. तांडेलाने आबांना आदल्याच रात्री सांगितलं होतं की या लाटेत म्हाताऱ्या माणसाला मी उतरवणार नाही. पण नानांसमोर गुडघ्याचं नाव काढू नका म्हणाला.”

“मग मला का नाही सांगितले?”

“तुम्ही नानांना सांगितलं असतं.”

डॉक्टर वरच्या बर्थवरून म्हणाले, “सुजेला मीच औषध दिलं होतं.” म्हणजे आम्हा पाचांत न कळलेला मी एकटाच होतो. रतलाम येईपर्यंत मला झोप लागली नाही. त्या माणसाने वाऱ्यावर आळ घेतला आणि माझे बोलणे ऐकून घेतले. एक वाक्य बोलून तो मला गप्प करू शकला असता.

नाना तीस तारखेला पद्मदुर्गावर गेले. आबांनी फोनवर सांगितले ते असे. लाट बसली होती. पहाटे मतलई छान सुटला. कोटाशी वाळूच्या बाजूला होडी नेली आणि दोघा खलाशांनी छातीभर पाण्यात उतरून नानांना हातांच्या पाळण्यात बसवून कोरड्या जागी ठेवले. नानांनी नारळ फोडला. मग ते तटाजवळ बराच वेळ उभे होते. पद्मदुर्गाच्या तटाचे एक नवल आहे. साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी चिरे खाल्ले आहेत, दगडांना मधाच्या पोळ्यासारखी भोके पडली आहेत; पण दोन चिऱ्यांमधला चुना जसाच्या तसा पुढे उभा आहे. नाना त्या चुन्यावरून बोट फिरवीत पुढे पुढे जात राहिले, तांडेल त्यांच्या मागे दोन पावलांवर. परत निघताना खारा वारा आला आणि शिडावर ते घरी आले. आबा म्हणाले, “तुझी आठवण काढली त्यांनी. म्हणाले, मास्तरला सांगा, कागद नाही सापडला.”

इंदूरला परतल्यावर नानांनी ही यात्रा ओट्यावर किती वेळा सांगितली त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी पहिला भाग तोच: वारा नव्हता, म्हणून पहिल्या दिवशी जाता आले नाही. गुडघ्याचा उल्लेख कधीही आला नाही. एकदा सांगता सांगता ते क्षणभर थांबले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “वारा नसला की शीड तरी काय करील, नाही का मास्तर?” नाना भोळे नव्हते. २०२१ च्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या हयातीत हे लिहिणे योग्य झाले नसते.

२०२५ च्या जुलैत मराठा लष्करी किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा यादी वाचताना मला नानांची आठवण झाली. बारा किल्ले, समुद्राकडचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग तीत आहेत. पद्मदुर्ग नाही. नानांनी युनेस्कोला आठ दिवसांचा अबोला नक्कीच धरला असता.

मध्यंतरी २०२४ च्या जानेवारीत मी पुन्हा मुरूडला जाऊन आलो होतो. तांडेलाची दाढी पांढरी झाली आहे. होडीला त्याने यंत्र बसवून घेतले आहे, शीडही ठेवले आहे. मी जे बोललो होतो त्याबद्दल क्षमा मागण्याची तयारी करून गेलो होतो, वाक्येही जुळवली होती. त्याने ती पुरी होऊ दिली नाहीत. “ते नाना कसे हायत?” मी सांगितले. तो काही बोलला नाही. होडीतले पाणी डब्याने उपसत राहिला. बऱ्याच वेळाने विचारले, “मास्तर, पद्मदुर्ग तुम्ही पाहिला नाय ना?”

“नाही.”

“परत कधी जायचंय?”

मी तारीख सांगितली. सरकारी नोकराला रजेच्या अर्जात परतीची तारीख लिहावीच लागते. त्याने डबा खाली ठेवला, पश्चिमेकडे पाहिले आणि म्हणाला, “बघू.”